फ्रीलान्सवाले, बिल किती दिवसांनी लावता? माझे तीन क्लायंट आणि तिघांच्या तीन तऱ्हा

ओळीखाली_ओळ (सांगली)

नमस्कार मंडळी. मी भाषांतर आणि सबटायटलचं काम करते, नोकरी सोडून आता सव्वा वर्ष झालं. कामाची तक्रार नाही, काम येतंय. तक्रार ही आहे की महिनाभर राबून खात्यात बघावं तर तिथं शुकशुकाट, आणि मग हिशोब काढल्यावर कळतं की लोकांकडून येणं भरपूर आहे पण मीच अर्ध्याची बिलं लावलेली नाहीत. म्हणजे दोष त्यांचा किती आणि माझा किती हेच कळेना झालंय.

पहिला क्लायंट पुण्यातली एक एजन्सी. रोज काहीतरी छोटं येतं, कधी २०० शब्द कधी १५००. जुलैत १४ कामं झाली, मिळून २१,३०० शब्द, १ रुपया ४० पैशांनी २९,८२० झाले. मी ३१ तारखेला सगळ्याचं एकच बिल करून पाठवते. ते म्हणतात ४५ दिवस. म्हणजे २ जुलैला दिलेल्या कामाचे पैसे हिशोबाने १४ सप्टेंबरला, मोजले तर ७४ दिवस होतात. आणि प्रत्यक्षात त्याहून उशिराच येतात, का ते विचारलं की 'प्रोसेसमध्ये आहे मॅडम'.

दुसरा मुंबईतला, सबटायटलवाला. मिनिटाला ६० रुपये. ४२ मिनिटांचे १० भाग, म्हणजे २५,२००. मी म्हटलं सगळी मालिका झाली की एकदम लावू बिल, दहा दहा बिलं कोण करत बसणार. नऊ भाग मेमध्येच पास झाले. दहावा त्यांच्याकडे कुठंतरी एडिटिंगमध्ये अडकलाय, तो अजून आलाच नाही माझ्याकडे. आता ऑगस्ट उजाडला.

तिसरे आमचे तासगावचे काका, बेदाण्याचा व्यापार. लेबलवरचा मजकूर, फेसबुकच्या पोस्टी, परराज्यातल्या पार्ट्यांना हिंदी-इंग्रजी पत्रं असं सगळं करते. फार चांगले लोक, गेलं की चहा, येताना अर्धा किलो बेदाणे हातात. त्यामुळं पैसे मागायची लाज वाटते आणि गेल्या सहा महिन्यांत मी एकही बिल दिलेलं नाही. १८ हजार होतात. आता एकदम १८ चा आकडा टाकला तर ते काय म्हणतील या भीतीनं अजून एक महिना गेला.

जीएसटी नाही माझा, वर्षाचं काम नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या आसपास पण नाही, फार तर ४-५ लाख. तर प्रश्न असा की दर आठवड्याला लावावं का, पंधरा दिवसांनी, का काम संपेल तसं? २७ तारखेला गणपती आहेत आणि घरी दीड दिवसाचा असतो, पण या वेळी पाहुणे सात दिवसांचे आहेत 🙂

---

रोखठोक_७२

काम दिलं की त्याच दिवशी बिल. विषय संपला. वाण्याकडं जाऊन साखर घेतली तर तो काय महिन्याच्या शेवटी आठवण करून देतो का.

---

कोड_आणि_कांदेपोहे (पुणे)

@रोखठोक, अहो वाणी पण वहीत लिहूनच ठेवतो की महिनाभर 😀 आमच्या पेठेतला तरी. पण असो.

ताई, तुम्ही जीएसटीत नाही ते एक बरं आहे, मी आहे, म्हणून माझं दुखणं सांगतो म्हणजे उद्या तुम्ही नोंदणी केलीत तर ठेच लागणार नाही. मी वेबसाइटची कामं करतो. गेल्या वर्षी एका कंपनीला १,८०,००० चं बिल लावलं, वर १८ टक्क्यांनी ३२,४००. मोठ्या शिस्तीत महिनाअखेरीला लावलं, ३० जूनला. आता सरकारला याच्याशी काही घेणंदेणं नाही की तुम्हाला पैसे मिळाले का नाही, बिल फाडलं की २० जुलैला ते ३२,४०० भरायचे. मी भरले, खिशातून. कंपनीने पैसे दिले नोव्हेंबरात. म्हणजे माझे पैसे तर अडकलेच आणि वर मीच त्या कंपनीच्या वतीने सरकारला उधार दिल्यासारखं झालं. बायको म्हणाली तू फ्रीलान्सर आहेस का फायनान्स कंपनी.

तेव्हापासून मी एक केलं, ३० तारखेचं बिल १ तारखेला लावतो. एका दिवसाचा फरक पण कर भरायची तारीख थेट २० जुलैवरून २० ऑगस्टला जाते. आणि आधी प्रोफॉर्मा (म्हणजे कच्चं बिल) पाठवतो, पैसे आले की मगच टॅक्स इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीचं पक्कं बिल.

---

सीए_होताहोता

@कोड_आणि_कांदेपोहे, दादा हे एवढं सरसकट सांगू नका, कुणीतरी वाचून तसंच करेल आणि नोटीस आली की आमच्या सरांकडं रडत येईल.

सेवा दिल्यापासून ३० दिवसांच्या आत टॅक्स इन्व्हॉइस काढावंच लागतं. प्रोफॉर्मा कितीही पाठवा, त्याला हरकत नाही, पण पैसे नोव्हेंबरात येणार म्हणून इन्व्हॉइस पण नोव्हेंबरात असं चालत नाही, काम जूनमध्ये संपलेलं असेल तर जुलै संपायच्या आत ते निघालंच पाहिजे. तुमची १ तारखेची गंमत त्या ३० दिवसांत बसते म्हणून ठीक. पण त्यातही महिन्याच्या मेंटेनन्ससारखं सतत चालणारं काम असेल आणि करारात लिहिलेलं असेल की दर महिन्याच्या ३० तारखेला पैसे देय, तर इन्व्हॉइस त्या तारखेला किंवा आधीच पाहिजे. म्हणून करार करतानाच तारीख १ किंवा ५ घाला, मग कटकट नाही.

दुसरं, ताईंसाठी. बरेच जण मला विचारतात की छोटी छोटी बिलं लावली तर टीडीएस (पैसे देतानाच क्लायंट कापून सरकारला भरतो तो आयकर) कापला जाणार नाही ना. असं नसतं हो. प्रोफेशनल फीवर १० टक्के कापतात (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम १९४जे), त्याची मर्यादा आधी ३०,००० होती ती एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली, पण ती एका बिलाची नाही, त्या एका क्लायंटकडून वर्षभरात होणाऱ्या एकूण रकमेची आहे. दहा बिलं करा नाहीतर शंभर. पुण्याची एजन्सी महिन्याला २९-३० देत असेल तर दुसऱ्या महिन्यातच तुम्ही त्या रेषेच्या पलीकडे गेलात, आणि मग ते आधीच्या बिलाचे पण कापून घेतात. त्यामुळं २९,८२० मधले २,९८२ जाऊन हातात २६,८३८ येतील, घरखर्चाचा हिशोब त्या आकड्यावर करा. कापलेले कुठं जात नाहीत, रिटर्न भरलं की परत, पण २६एएस मध्ये (आयकर खात्याकडे तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा तक्ता) दिसतायत का ते तेवढं बघत जा, कापून न भरणारी माणसं पण असतात.

आणि मार्चचं बिल मार्चमध्येच लावा. ते एप्रिलात ढकललं की क्लायंट खर्च एका वर्षात दाखवतो, तुम्ही उत्पन्न दुसऱ्या वर्षात, आणि मग तो टीडीएस जुळवताना जीव जातो.

---

अकाउंट्सवाला_भोसरी

मी पलीकडच्या बाजूचा आहे. १६ वर्षं झाली बिलं पास करतोय, कंपनीचं नाव नाही सांगत. तुम्ही फ्रीलान्सर लोक आठवडा का महिना यावर भांडता पण तुमचं बिल आमच्याकडं आल्यावर त्याचं काय होतं हे कुणी विचारत नाही म्हणून सांगतो.

सकाळी येतो तेव्हा मेलमध्ये दीडदोनशे नवीन पडलेले. त्यात तुमचा एक, सब्जेक्ट काय तर 'बिल' किंवा 'जेंटल रिमाइंडर'. आत फाइल आहे तिचं नाव इन्व्हॉइस फायनल २. कुणाचं, कशाचं, कोणत्या खात्यानं काम दिलं, काहीच नाही. मी उघडतो, पीओ नंबर (आमच्या कामाच्या ऑर्डरचा नंबर) शोधतो, नाही. मग ज्यानं काम दिलं त्या साहेबाला विचारायला मेल टाकतो, साहेब दौऱ्यावर. झालं, तुमचं बिल 'पेंडिंग क्वेरी' मध्ये गेलं. तिथून ते बाहेर काढायला कुणालाच घाई नसते, खरं सांगतो. तुम्ही १५ दिवसांनी फोन करता तेव्हा मी म्हणतो प्रोसेसमध्ये आहे. खोटं नाही ते, आहेच प्रोसेसमध्ये.

आता मुख्य. जवळजवळ प्रत्येक कंपनीत कट-ऑफ असतो. आमच्याकडं २५. म्हणजे २५ तारखेला संध्याकाळपर्यंत जे बिल आलं ते त्या महिन्यात बुक होतं, २६ ला आलेलं पुढच्या महिन्यात. आणि ४५ दिवस मोजायचे कुठून? तुम्ही मोजता बिलावरच्या तारखेपासून. आम्ही मोजतो बुक झालेल्या महिन्याच्या शेवटापासून. आणि पैसे सोडतो महिन्यातून दोनदाच, १० आणि २५. आता ताई तुमचं ३१ जुलैचं बिल घ्या. आमच्यासारखीच पद्धत असेल तर ते ऑगस्टात बुक झालं, ३१ ऑगस्टपासून ४५ म्हणजे १५ ऑक्टोबर, पुढचं पेमेंट २५ ऑक्टोबर. दिवाळी त्याच्या आधीच, म्हणजे फराळ संपल्यावर. तेच बिल सहा दिवस आधी २५ जुलैला लावलं असतं तर जुलैत बुक, १४ सप्टेंबर, आणि २५ सप्टेंबरला तुमच्या खात्यात. सहा दिवसांच्या फरकाला एक महिना.

म्हणून तुमच्या कॅलेंडरवर बिल लावू नका, त्यांच्या कॅलेंडरवर लावा. एक फोन करा अकाउंट्सला, साहेबाला नाही, अकाउंट्सला, आणि सरळ विचारा की कट-ऑफ कधी, पेमेंट कोणत्या तारखांना, आणि बिलावर काय काय लागतं. आम्हाला कुणी हे विचारत नाही त्यामुळं कुणी विचारलं की उलट बरं वाटतं.

आणि दर आठवड्याला बिल पाठवणाऱ्यांना हात जोडून विनंती. महिन्यातून दोनदाच पैसे निघत असतील तर चार बिलं पाठवून तुम्हाला एक पैसा लवकर मिळत नाही, फक्त माझ्या चार नोंदी, चार मंजुऱ्या, आणि चारातलं एक हमखास हरवतं. एकाने तर दर वेळी जुन्याच फाइलवर रक्कम बदलून पाठवली, बिल नंबर तोच. सिस्टीमनं डुप्लिकेट म्हणून फेकून दिलं आणि तो तीन महिने मला शिव्या देत बसला.

---

पणजीची_पेन्सिल

अकाउंट्सवाले दादा, हे प्रिंट काढून भिंतीला लावते 🙏

माझं चित्रांचं काम आहे, लहान मुलांच्या पुस्तकांचं, दोन क्लायंट बाहेरदेशातले. मी सुरुवातीला हौसेनं दर सोमवारी इन्व्हॉइस पाठवायचे, कारण एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर काम करून तीच सवय लागलेली, तिथं तासावरचं काम असलं की आठवडा रविवारी बंद होतो आणि बिल आपोआप लागतं. पण थेट क्लायंट बँकेतून पाठवायला लागला तेव्हा कळलं की दर वेळी मधली कुठलीतरी बँक आपला वाटा खाते. २०० डॉलरच्या मागं १८ डॉलर गेले माझे एकदा. महिन्याला चार वेळा असं झालं तर ७२, म्हणजे माझं इंटरनेटचं आणि विजेचं बिल निघेल त्यात. आता महिन्याचं एकच, ८०० चं. कापले तर एकदाच कापतील.

पण एक अपवाद मी कायम करते. नवीन क्लायंट असला की पहिलं बिल लवकरात लवकर आणि छोटं लावते. पहिलं पान झालं की लगेच, भले रक्कम ५० डॉलर का असेना. त्यात पैशांपेक्षा मला हे बघायचं असतं की हा माणूस देतो कसा. त्याच्याकडं व्हेंडर फॉर्म भरून घेतात का, खात्यावरचं नाव जुळतं का, कुणाला मेल टाकायचा, सगळी गाडी त्या छोट्या बिलावर रुळावर येते. एकदा असंच पहिल्याच बिलाला तीन आठवडे टोलवाटोलवी झाली, मी दुसरं पान काढलंच नाही. ५० वर सुटले. ३० पानं काढून मग कळलं असतं तर?

---

ओळीखाली_ओळ

@अकाउंट्सवाला_भोसरी, तुमची पोस्ट वाचून मी पुण्याला फोन केला, अकाउंट्सला, पहिल्यांदाच. एक वर्ष काम करतेय आणि त्या माणसाशी कधी बोललेच नव्हते. तुम्ही सांगितलंत तश्शीच पद्धत निघाली हो, कट-ऑफ २५, पेमेंट १० आणि २५!! तो म्हणाला मॅडम तुमचं बिल दर महिन्याला गाडी सुटल्यावर स्टेशनवर येतं. मी हसले पण नंतर मोजलं, वर्षभर प्रत्येक बिल महिनाभर उशिरा मिळालंय आणि मी एजन्सीला मनातल्या मनात चोर म्हणत होते.

पण मग २५ नंतरच्या पाच-सहा दिवसांच्या कामाचं काय? ते पुढच्या महिन्यात जातं ना.

---

अकाउंट्सवाला_भोसरी

जाऊ दे की. तुमचा महिना २६ ते २५ असा धरा. पगारदार लोकांची हजेरी पण बऱ्याच कंपन्यांत अशीच असते. फक्त २५ ला रात्री नका पाठवू, २३-२४ ला दुपारपर्यंत पाठवा, म्हणजे काही चुकलं असेल तर दुरुस्त करून त्याच महिन्यात बसतं. २५ ला रविवार आला की शुक्रवारचाच कट-ऑफ, हे पण लक्षात ठेवा. आणि १४ कामं असतील तर बिलावर एकच ओळ लिहा, 'जुलैचं भाषांतर, २१,३०० शब्द', आणि सोबत वेगळा तक्ता, तारीख, फाइलचं नाव, शब्द, कुणी दिलं. बिल मी बघतो, तक्ता ज्यानं काम दिलं तो बघतो. दोन्ही एकात कोंबलं की दोघंही नीट बघत नाहीत.

---

कोड_आणि_कांदेपोहे (पुणे)

सबटायटलवाल्यावर कुणीच बोललं नाही. ताई, तिथं मुद्दा किती दिवसांनीचा नाहीच, कशावर बिल लावायचं हा आहे. तुम्ही 'मालिका पूर्ण' या गोष्टीवर टांगून ठेवलंत, आणि ती गोष्ट तुमच्या हातात नाही. दहावा भाग उद्या त्यांनी रद्दच केला तर? मी वेबसाइट 'लाइव्ह झाल्यावर' उरलेले ४० टक्के असं लिहायचो, एका डॉक्टरांची साइट ११ महिने लाइव्ह झाली नाही कारण त्यांना स्वतःचा फोटो आवडेना. खरंच. दर वेळी नवीन फोटो. आता मी लिहितो 'टेस्ट लिंक दिल्यापासून १५ दिवसांनी'. फोटो आवडो न आवडो.

तुमचं नऊ भागांचं बिल आजच लावा. ९ गुणिले ४२ गुणिले ६० म्हणजे २२,६८०. दहावा आला की २,५२० चं वेगळं. आणि पुढच्या मालिकेला दर तीन भागांनी, फाइल दिल्याच्या तारखेवर, पास होण्याच्या नाही.

---

रोखठोक_७२

मी पहिल्याच उत्तरात हेच म्हणालो होतो. काम दिलं की बिल.

---

कोड_आणि_कांदेपोहे (पुणे)

हो काका, तुम्ही दोन ओळींत म्हणालात, मला डॉक्टर आणावे लागले.

---

सीए_होताहोता

ताई, उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर करून टाका, आधार आणि पॅन लागतं, सरकारी पोर्टलवर फुकट होते, बाहेर एजंट हजार दीड हजार घेतात त्यांच्या नादी लागू नका. एकट्या माणसाचा सेवेचा व्यवसाय पण त्यात बसतो.

फायदा असा की २००६ च्या एमएसएमई (छोट्या उद्योगांच्या) कायद्यात खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात काही लेखी ठरलेलं नसेल तर १५ दिवसांत, आणि ठरलेलं असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असं आहे. आणि हे दिवस काम स्वीकारल्यापासून मोजायचे, त्यांच्या बुकिंगपासून नाही. भोसरीच्या दादांची 'महिनाअखेरपासून ४५' ची पद्धत नोंदणीवाल्या छोट्या व्यवसायाला लावली तर ती कायद्यात बसतच नाही (दादा रागावू नका). उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. व्याज कुणी मागत नाही तो भाग वेगळा, मागितलं की पुढचं काम बंद. पण १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं, मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षापासून लागू. मुदतीत दिलं नाही तर कंपनीला तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षी धरता येतो. म्हणून मार्च आला की आमच्या ऑफिसातून सगळ्या क्लायंटना यादी जाते, उद्यमवाल्यांचे आधी द्या. नोंदणी नसलेले त्या यादीतच नसतात.

फक्त नोंदणीच्या आधीच्या कामाला हे लागू होईल अशा भ्रमात राहू नका. आणि बिलावर उद्यम नंबर छापा, नाहीतर त्यांना कळणार कसं.

---

अकाउंट्सवाला_भोसरी

रागावतोय कशाला, बरोबर आहे. आमच्याकडं उद्यमवाल्यांना वेगळा कोड असतो, त्यांचं ४५ दिवस स्वीकारल्यापासूनच मोजतो. ज्यांनी सर्टिफिकेट पाठवलंय त्यांचंच. मागून घेत नाही आम्ही.

---

मिरजेचा_सतारवाला

काकांचं कुणीच घेतलं नाही, ते आमच्या भागातलं आहे म्हणून मी बोलतो. ताई, मी व्हिडिओ शूट करतो, लग्नं आणि दुकानांच्या जाहिराती. आपल्याकडं व्यापारी माणसाची वही असते आणि तो दिवाळीला, पाडव्याला हिशोब मिटवतो, ही त्याची पिढ्यान्पिढ्यांची सवय, त्यात बुडवायचा हेतू नसतो. पण त्याच्या वहीत तुझी ओळ आहे का? तू बिलच दिलं नाहीस तर त्याच्या लेखी तू घरचं माणूस म्हणून मदत करतीयास. बेदाणे दिले, चहा पाजला, फिटंफाट. सहा महिन्यांनी १८ हजार ऐकल्यावर त्याला धक्का पैशाचा नाही बसणार, ती मदत नव्हती याचा बसंल.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. माझा एक सराफ होता, ओळखीचा, दोन वर्षं रील करून दिली, म्हटलं नंतर बघू. नंतर बघितलं तेव्हा तो म्हणाला अरे मला वाटलं तू तुझ्या पोर्टफोलिओसाठी करतोयस. आणि त्याचं चुकलं असं मला आज पण म्हणता येत नाही.

तर एकदम १८ टाकू नकोस. जाऊन भेट, कागदावर महिन्यानुसार लिहून ने, मार्चमध्ये ही लेबलं, एप्रिलमध्ये ह्या पोस्टी, आणि सांग काका माझंच चुकलं, बिल द्यायचं राहिलं. माझं चुकलं हे पहिलं म्हण, मग व्यापारी माणूस मोठेपणा दाखवतो. आणि इथून पुढं दर महिन्याच्या १ तारखेला व्हॉट्सॲपवर छोटं बिल, खाली यूपीआयचा क्यूआर, रक्कम ३ हजार असो नाहीतर ७००. पेपरवाला येतो तसं. पेपरवाल्याला कुणी कधी म्हटलंय का की तू लई पैशाचा माणूस आहेस.

---

पणजीची_पेन्सिल

'माझंच चुकलं' म्हणायला मला जमलं नसतं, पण ट्रिक भारी आहे 😄 मी असते तर पुढच्या महिन्यापासून ठरावीक रक्कम ठरवून घेतली असती, महिन्याला इतक्या पोस्टी इतकी पत्रं म्हणजे ३ हजार, आणि ते महिना सुरू होतानाच घ्यायचे. भाडं देतो तसं. मग कधी किती काम झालं याची कुरकूर दोघांनाही नको.

---

रोखठोक_७२

तासगावचे बेदाणे अर्धा किलो दर खेपेला मिळत असतील तर मी बिल लावलं नसतं.

---

ओळीखाली_ओळ

मंडळी, चार दिवसांनी येतेय, राग नसावा.

मुंबईला नऊ भागांचं बिल त्याच रात्री पाठवलं. सकाळी उत्तर आलं, 'थँक्स, वी वेअर वेटिंग फॉर धिस'. वाट बघत होते म्हणे!! मे पासून. डोकं आपटावंसं वाटलं. ३० दिवस म्हणालेत.

उद्यम नोंदणी झाली, आधारचा ओटीपी दोनदा गेला पण वीस मिनिटांत सर्टिफिकेट आलं. पुण्याला पाठवलं, त्या अकाउंट्सच्या माणसाने सांगितलं नवीन कोड करतो, ऑगस्टपासूनच्या नवीन कामांना लावतो, जुलैचं आता आहे तसंच जाणार, २५ ऑक्टोबर. भांडले नाही. ऑगस्टचं २३ लाच पाठवते आता, मोबाइलवर गजर लावलाय, गजराचं नाव 'गाडी सुटतेय'.

काकांकडं काल गेले. कागद नेला, सतारवाले दादा म्हणाले तसं पहिलं वाक्य तेच म्हटलं. काकांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला, एप्रिलच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले हे दिल्लीच्या पार्टीचं पत्र तू दोनदा लिहिलंस ना, पहिलं मी नको म्हटलेलं, मग एकदाच का लावलंस. मी गप्प. मग आत हाक मारून काकूंना ड्रॉवर उघडायला सांगितलं आणि १० हजार हातात दिले, बाकीचे गणपती झाल्यावर. महिन्याचं ठरवून घ्यायचं म्हटलं तर म्हणाले त्याचं बघू दिवाळीत, पाडव्याला नवीन वही घालतो तेव्हा.

तर ते ठरावीक रकमेचं अजून लटकलेलंच आहे. १ सप्टेंबरला बिल पाठवणार मात्र. आणि बेदाणे मिळालेच, एक किलो या वेळी, त्याची पावती कोण देणार सीए भाऊ?